हाड जुळलं, मग स्क्रू कशाला?

कळव्याच्या माझ्या मावशीच्या कमरेचे मणके जोडताना सहा वर्षांपूर्वी चार स्क्रू आणि दोन रॉड बसवले. काकांच्या मांडीतला रॉड दीड वर्षाने काढला होता, म्हणून तिने विचारलं, "माझे कधी काढायचे?" ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, "त्रास नाही ना? मग राहू द्या." घरात सगळे बुचकळ्यात पडले. या 'राहू द्या'मागे शंभरेक वर्षांचा अनुभव आहे.

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे स्पाइनल फ्युजन, रुळली तीच मुळी धातूशिवाय. १९११ मध्ये न्यूयॉर्कला रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी आपापल्या पद्धतीने ती केली. अल्बी नडगीच्या हाडाची पट्टी काढून पाठीत बसवत. मुख्य दुखणं होतं मणक्यांचा क्षय. हाड जुळेपर्यंत पाठ हलू नये म्हणून रुग्ण महिनोन्महिने प्लास्टरमध्ये पडून असे.

धातूचा मोठा टप्पा ह्युस्टनच्या पॉल हॅरिंग्टनचा. पोलिओमुळे पाठ वाकलेल्या मुलांसाठी त्यांनी हूक आणि रॉड घडवले, १९६२ मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते नुसता रॉडच घालत. हूक निसटले, रॉड मोडले. मग सोबत हाडही लावायला लागले. माझ्या मते सगळा उलगडा इथेच आहे. रॉड आधार देतो तो हाड जुळेपर्यंत. जुळलंच नाही तर रोजच्या वाकण्या-उठण्याने धातू थकतो आणि एक दिवस तुटतो. म्हणून काही वर्षांनी रॉड तुटलेला दिसला तर हाड नीट जुळलं नसल्याची शंका आधी घेतात. तशा वेळी नुसता रॉड काढून भागत नाही, मणके पुन्हा जोडावे लागू शकतात.

१९६३ मध्ये पॅरिसच्या रेमंड रॉय-कामी यांनी मणक्याच्या मागच्या बाजूने थेट आत जाणारे स्क्रू वापरायला सुरुवात केली. पुढे स्टीलची जागा बरीचशी टायटॅनियमने घेतली. त्यात एमआरआय जास्त स्पष्ट येतो. पण टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, रॉडवरही हाड चढतं. काढायचं तर ते कोरावं लागतं, स्नायू पुन्हा उघडावे लागतात. पाठीचा बाक सरळ केलेल्यांमध्ये रॉड काढल्यावर थोडा बाक परत आल्याचंही दिसलं आहे.

काढतात ते जंतुसंसर्ग झाला, स्क्रू सैल झाला, नस दाबली गेली किंवा कातडीखाली धातू टोचू लागला तर. फ्रॅक्चरसाठी मणके न जोडता नुसते स्क्रू लावले असतील, तर हाड भरल्यावर ते काढण्याचा विचार होतो. नुसतं दुखतंय म्हणून काढलं तर आराम पडेलच असं नाही. दुखणं शेजारच्या मणक्याचंही असू शकतं. म्हणून काढण्याआधी सीटी स्कॅनमध्ये हाड जुळलंय का, ते पाहतात.

आणखी एक: प्रत्येक कंपनीच्या स्क्रूची खाच वेगळी असू शकते, आणि तिला बसणारा स्क्रू-ड्रायव्हर नसेल तर काम अडतं. कोणता स्क्रू वापरला, ते शस्त्रक्रियेच्या फाइलमधल्या स्टिकरवर असतं. मावशीची फाइल माळ्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत सापडली. स्टिकर शाबूत होते. आता फाइल कपाटात आहे.