ब्रेक सोडला, तरी गाडी का अडते?

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच बाहेर काढली. शिवाजी पार्कच्या इमारतीच्या आवारात ती चार महिने ताडपत्रीखाली उभी होती. वरळीपर्यंत गाडी नुसती जड वाटत होती, म्हणून आम्ही इंजिनाला दोष देत राहिलो. हाजी अलीवरून पेडर रोडच्या चढाला लागल्यावर मात्र सिग्नलला ब्रेकवरचा पाय काढला, तरी गाडी तसूभरही मागे घरंगळली नाही. चढावर उभी असलेली, गिअरमध्ये नसलेली गाडी जर घरंगळत नसेल, तर तिला कोणीतरी धरून ठेवलेले असते. केम्प्स कॉर्नरच्या अलीकडे करपट वास येऊ लागला. गाडी बाजूला घेऊन बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब डाव्या पुढच्या ड्रमवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी डब्यावर, टाकला, तो चर्र आवाज करून उडून गेला. म्हणजे ड्रमचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या वर होते. अशा वेळी हात लावू नये आणि बाटलीही ओतू नये, कारण तापलेल्या ओतीव लोखंडाला एकाएकी थंडावा मिळाला तर तडा जाऊ शकतो. अर्ध्या तासाने चाक मोकळे झाले आणि मामा म्हणाले, ‘‘बघ, आपोआप बरी झाली.’’ ती बरी झालेली नव्हती, पण थंड झाल्यावर ती सुटली हाच निदानाचा पहिला धागा होता.

एवढी उष्णता येते कुठून, हे साध्या गणिताने कळते. एखाद्या चाकाचा ब्रेक किंचित घासत राहिला आणि त्याचा अडथळा रस्त्याशी केवळ 100 न्यूटन, म्हणजे साधारण दहा किलो वजनाच्या ओढीइतका आहे असे धरू. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते, म्हणजे त्या एका ड्रममध्ये सतत 1,100 वॅट उष्णता निर्माण होते. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण तेवढ्याच शक्तीची असते. नेहमीचा ब्रेक याहून कितीतरी जास्त उष्णता निर्माण करतो, पण काही सेकंदच, आणि नंतर ड्रमला निवायला वेळ मिळतो. घासणाऱ्या ब्रेकला ती उसंत मिळत नाही.

ब्रेक लागतो कसा, हे आपण शाळेत पास्कलच्या नियमात शिकतो: बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो. उदाहरणादाखल, पायाने पेडलवर 20 किलोचा जोर दिला आणि पेडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर पेडलला जोडलेल्या 19 मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरमधून निघालेला दाब चाकातल्या 22 मिलिमीटरच्या व्हील सिलिंडरमधील प्रत्येक पिस्टनला सुमारे 135 किलोच्या जोराने शूवर, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या कमानीवर, ढकलतो. परतीच्या वाटेवर मात्र एवढा जोर कोणीच लावत नाही. शू मागे ओढायला फक्त एक-दोन स्प्रिंगा असतात, आणि त्यांनी मागे ढकललेले ब्रेक ऑइल मास्टर सिलिंडरमध्ये सुखरूप पोहोचले तरच ब्रेक सुटतो. त्यामुळे ब्रेक लागण्याच्या वाटेवर सहज खपून जाणारा लहानसा अडथळा सुटण्याच्या वाटेवर निर्णायक ठरतो. ‘‘ब्रेक तर उत्तम लागतोय, मग ब्रेकमध्ये बिघाड कसा?’’ हा प्रश्न गाडीमालक नेहमी विचारतात, त्याचे उत्तर या विषमतेत आहे.

मास्टर सिलिंडरच्या आत, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या तळाशी, एक अतिशय बारीक छिद्र असते आणि या सगळ्या यंत्रणेत मला सर्वांत जास्त कौतुक त्याचेच वाटते. पेडल दाबले की पिस्टनपुढचे रबरी वायसर हे छिद्र ओलांडून पुढे सरकते, मार्ग बंद होतो आणि दाब तयार होतो. पेडल पूर्ण सोडले की वायसर छिद्राच्या मागे येते आणि नळ्यांतले ऑइल पुन्हा टाकीशी जोडले जाते. उष्णतेने ऑइल प्रसरण पावले, तर जास्तीचे ऑइल याच छिद्रातून टाकीत जाते. आता पेडल आणि पिस्टन यांच्यामधली दांडी कोणी जरा जास्त लांब करून ठेवली, तर पेडल सोडूनही वायसर छिद्रावरच बसून राहते. थंड गाडीत काहीच जाणवत नाही. चार-पाच सिग्नल झाले की ऑइल तापते, पसरते, त्याला जायला जागा नसते, म्हणून तेच शूंना ड्रमवर दाबते. त्या घर्षणाने ऑइल आणखी तापते आणि पकड आणखी घट्ट होते. पेडल हळूहळू वर येऊन दगडासारखे कडक होणे ही या दोषाची खूण आहे. म्हणूनच पेडलच्या सुरुवातीच्या प्रवासात थोडी मोकळी चाल असावी लागते आणि तिचे माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ती चाल म्हणजे ढिलाई समजून ‘घट्ट’ करून देणारे हात मी स्वतः पाहिले आहेत.

मुंबईच्या हवेचाही यात मोठा वाटा आहे. ग्लायकॉल जातीचे ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते, आणि आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने हवा पाण्याने जड असते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा 140 अंशांवर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइलला उकळी फुटली की वाफेमुळे पेडल पोकळ होते, हा धोका बहुतेकांना माहीत असतो. त्याच पाण्याने व्हील सिलिंडरच्या आतल्या भिंतीला गंज चढतो, याकडे मात्र कमी लक्ष जाते. गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी असेल, तर पिस्टन त्याच गंजावर बसून राहतो आणि पहिल्या ब्रेकला पुढे गेलेला पिस्टन परत फिरत नाही.

निदानाची सुरुवात कोणती चाके तापली यापासून करावी. चारही तापली असतील, तर दोष पेडल किंवा मास्टर सिलिंडरपाशी शोधावा. फक्त मागची दोन तापली असतील आणि त्या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करत असेल, तर हँडब्रेकची केबल आवरणात गंजून अडकली आहे का ते पाहावे. एकच चाक तापले असेल, तर दोष बहुधा त्याच चाकापाशी आहे. त्यानंतर सपाट जमिनीवर, उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावून, संशयित चाक जॅकने उचलावे आणि गाडी भक्कम घोडीवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर चाकाखाली कधीही जाऊ नये. पेडल दोन-चारदा दाबून सोडावे आणि चाक हाताने फिरवून पाहावे. ते अडत असेल, तर ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढण्यासाठी व्हील सिलिंडरला असलेला स्क्रू, पाव फेरा सैल करावे. ऑइलची पिचकारी उडून चाक मोकळे झाले, तर दाब अडकून राहिला होता. ऑइल बाहेर येऊनही चाक अडलेलेच राहिले, तर दाबाचा संबंध नाही आणि दोष यांत्रिक आहे: अडकलेला पिस्टन, जास्त जवळ आणलेले शू, मरगळलेली स्प्रिंग, किंवा शू ज्या पत्र्यावर सरकतो त्यावर पडलेल्या खाचा. दोन मिनिटांच्या या चाचणीने निम्मी शक्यता बाद होते, आणि म्हणूनच ती न करता आधी शू, मग सिलिंडर, मग मास्टर अशी एकामागून एक खरेदी करत जाणे मला पटत नाही.

मामांच्या गाडीला आम्ही एक पायरी जास्त घेतली. पेडल दाबून सोडल्यावर, जिथे लोखंडी पाइप रबरी होज पाइपला जोडलेला असतो, तो जोड आधी सैल केला. दोन थेंब आले, पण चाक अडलेलेच राहिले. मग जोड आवळून ब्लीडर उघडला, तेव्हा पिचकारी उडाली आणि चाक एका बोटाने फिरू लागले. दाब होजच्या चाकाकडच्या बाजूला कोंडला होता, म्हणजे अडथळा होजमध्येच होता. बाहेरून त्या पाइपला एक चीरही नव्हती. काढून उभा चिरला, तेव्हा आतला थर फुगून सुटलेला दिसला आणि मधल्या वाटेत त्याची एक पातळ जीभ लोंबत होती. पायाचा जोर ऑइलला त्या जिभेपलीकडे ढकलत होता. परत येताना हीच जीभ दारासारखी लागत होती आणि स्प्रिंगला ते दार उघडता येत नव्हते. कोंडलेले ऑइल निवून आकसले आणि हळूहळू झिरपून मागे आले, म्हणून अर्ध्या तासाने चाक सुटले होते.

ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या बाजारात नवा होज मिळाला. एका बाजूचा जुना झाला म्हणजे दुसऱ्याचेही वय तेवढेच, म्हणून पुढचे दोन्ही बदलले. व्हील सिलिंडर उघडल्यावर हलका डाग असेल, तर तो बारीक पॉलिश पेपरने जातो आणि नवे रबर किट पुरते, पण नखाला लागणारा खड्डा असेल तर सिलिंडरच बदलावा, कारण खड्ड्यावर नवे वायसरही टिकत नाही. रबरी भाग धुवायला पेट्रोल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल वापरू नये; खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात, आणि टाकीत चुकून चमचाभर इंजिन ऑइल गेले, तर मास्टरमधले वायसर फुगून ते बारीक छिद्र बुजवते. तसे घडले असेल, तर नुसते ऑइल बदलून भागत नाही, यंत्रणेतले प्रत्येक रबर बदलावे लागते. शूवरच्या जुन्या लायनरच्या (घासणाऱ्या अस्तराच्या) धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ती हवेने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

जुन्या ड्रमब्रेकच्या काही गाड्यांत एक झडप मुद्दाम थोडा दाब राखून ठेवते, हेही माहीत असावे. तो दर चौरस इंचाला सुमारे 10 पौंड, म्हणजे टायरमधल्या हवेच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका असतो आणि स्प्रिंगा त्याला सहज मागे सारतात. ब्लीडर उघडल्यावर दिसलेले एक-दोन थेंब पाहून दोष सापडला असे समजू नये. चाक मोकळे झाले का, हेच पाहावे.

नवे ऑइल भरून, चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून, पेडलची मोकळी चाल मोजून आम्ही पुन्हा त्याच वाटेने निघालो. पेडर रोडच्या सिग्नलला मामांनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि गाडी लगेच मागे घरंगळू लागली. वाळकेश्वरला उतरल्यावर त्यांनी चारही ड्रमजवळ एकेक करून तळहात नेला, डाव्या पुढच्या चाकापाशी जरा जास्त वेळ थांबले आणि म्हणाले, ‘‘चारही सारखीच कोमट आहेत.’’