पेशी, स्नायू आणि शीर: शब्दांनी बदललेली घरं

डेंग्यूची साथ आली की फोनवर पहिला प्रश्न असतो, "पेशी किती झाल्या?" विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्याही मनात असतात त्या प्लेटलेट. पुढे ऐकीव गप्पांत त्यांच्या ‘पांढऱ्या पेशी’ होतात आणि घोटाळा सुरू होतो. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये पांढऱ्या पेशी साधारण 4 ते 11 हजार असतात, तर प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. म्हणजे 40 हजार हा आकडा प्लेटलेटचा असेल तर कमी आणि पांढऱ्या पेशींचा असेल तर भलताच जास्त. त्यातून प्लेटलेट ही पुरती पेशीसुद्धा नव्हे. अस्थिमज्जेतल्या एका मोठ्या पेशीपासून सुटलेला तो तुकडा. त्यात केंद्रकच नसतं. शाळेच्या पुस्तकात तिला रक्तपट्टिका म्हणतात, पण हा शब्द दवाखान्यात कोणी उच्चारलेला मी तरी ऐकलेला नाही.

मुळात ‘पेशी’ या शब्दानेच फार मोठा प्रवास केला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शरीरातल्या पेशी मोजून दिल्या आहेत: एकूण 500. हातापायांत 400, धडात 66 आणि मानेपासून वर 34. अब्जावधींच्या हिशेबाची सवय झालेल्या आपल्याला हे वाचून हसू येईल, पण सुश्रुताची पेशी म्हणजे मांसाचा गोळा, आपण ज्याला स्नायू म्हणतो तो. हिंदीत अजूनही मांसपेशी म्हणजे तेच. बंगाली आणि मल्याळममध्येही पेशी म्हणजे स्नायूच.

आज आपण जिला पेशी म्हणतो ती दिसायला सूक्ष्मदर्शक यावा लागला. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखे रिकामे कप्पे दिसले. त्यांना त्याने ‘सेल’ म्हटलं, म्हणजे लहानशी खोली. त्या होत्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती. आतला रहिवासी केव्हाच गेलेला. वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे जर्मन शास्त्रज्ञ श्लायडेनने 1838 मध्ये मांडलं, प्राण्यांचंही तेच आहे हे थिओडोर श्वान या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने 1839 मध्ये. पण खोलीचं नाव तोवर पक्कं झालं होतं. हिंदीने हीच कल्पना धरून कोश, कोशिका असे शब्द केले. बंगाली आणि गुजरातीतही कोशच. मराठी विश्वकोशानेही ‘कोशिका’ वापरून पाहिला. शाळेने आणि बोलण्याने मात्र ‘पेशी’च ठेवली. माझ्या मते अर्थाच्या दृष्टीने कोशिका नेमका, पण ‘तांबड्या पेशी’ जितकं सहज तोंडात बसतं तितकं ‘तांबड्या कोशिका’ बसत नाही. आता बदलायला जाऊ नये.

पेशी अशी दुसरीकडे नांदू लागली आणि मराठीत मांसाच्या गोळ्याचं नाव झालं ‘स्नायू’. सुश्रुताकडे स्नायूही आहेत, 900. पण ते बांधणारे दोर. फळ्या बंधांनी घट्ट बांधलेली नाव जशी माणसांचा भार वाहते, तसं स्नायूंनी सांधे बांधलेलं शरीर भार वाहतं, असा दृष्टांत तिथे आहे. म्हणजे आजच्या भाषेत हाडाला हाड जोडणारे अस्थिबंध, स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा वगैरे. हाच शब्द महाराष्ट्रात, गुजरातेत आणि कर्नाटकात मसल झाला. कोलकात्यात मात्र ‘स्नायु’ म्हणजे नर्व्ह, संवेदना वाहणारा तंतू. तिथल्या स्नायुरोगतज्ज्ञाकडे व्यायामशाळेत दुखावलेला दंड दाखवायला जाऊ नका.

बंगाल्यांनी काही विपरीत केलं असंही नाही. ग्रीक ‘न्यूरॉन’ आणि संस्कृतातला ‘स्नावन्’ (‘स्नायू’चाच भाऊबंद) हे एकाच मुळाचे शब्द, आणि ग्रीकमध्येही न्यूरॉनचा जुना अर्थ दोरी, कंडरा असाच होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हेरोफिलस आणि इरासिस्ट्रेटस या ग्रीक वैद्यांनी मृतदेहांची चिरफाड करून संवेदना वाहणारे तंतू वेगळे ओळखले, आणि पुढे तो शब्द त्यांच्याकडेच राहिला. पांढरट, चिवट दोरीसारखं दिसणारं काहीही सुरुवातीला एकाच नावाने ओळखलं गेलं, ग्रीसमध्ये आणि आपल्याकडेही.

मग मराठीत नर्व्हला काय म्हणायचं? एक शब्द आला ‘मज्जातंतू’. पण मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मगज. त्यामुळे मज्जासंस्थेचा विकार आणि अस्थिमज्जेचा विकार यांत वाचकाची गल्लत ठरलेली. पाठ्यपुस्तकांनी ‘चेता’ आणि ‘चेतासंस्था’ हे शब्द घेतले, ते बरंच झालं.

बोलण्यात मात्र या सगळ्यांवर ‘शीर’ भारी पडते. मणक्यात शीर दबली म्हणजे चेता. पोटरीवरच्या शिरा फुगल्या म्हणजे रक्तवाहिन्या. मानेची शीर आखडली म्हणजे बहुतेक वेळा स्नायू. म्हणून पेशंट "शीर दुखतेय" म्हणाला की डॉक्टरांना आधी विचारावं लागतं: मुंग्या येतात, सूज आहे, की नुसतं आखडलंय?