हुंडी म्हणजे जुनी नोट नव्हे

हुंडीला ‘आपली जुनी देशी नोट’ म्हणण्याची सवय सोडायला हवी. कागद देऊन पैसे घ्यायचे, एवढंच दोघींत सारखं. हुंडी हा दुसऱ्याला ‘इतके पैसे दे’ असा लेखी हुकूम असतो, तर नोट हे स्वतः पैसे देण्याचं वचन.

पुण्यात रोख भरली की सावकार सुरतेतल्या आपल्या आडत्यावर, म्हणजे तिथल्या व्यवहार पाहणाऱ्या माणसावर, हुंडी लिहून देई. सुरतेचा आडत्या ती सकारून, म्हणजे मान्य करून, रक्कम चुकती करी आणि सावकाराला मधली हुंडणावळ, म्हणजे या कामाची दलाली, मिळे. म्हणजे तीन-चार माणसं, दोन गावं आणि त्यांच्यातली पत. पेशवाईत उत्तरेकडच्या वसुलीचा पैसा पुण्याला असाच येई, कारण चांदीच्या थैल्या घेऊन वाटेवरची लूटमार कोण सोसणार! एकदा पैसे चुकते झाले की त्या कागदाचं ‘खोखं’ होई, त्याचं काम संपलं. नोट मात्र एका हातातून दुसऱ्या हातात फिरतच राहते.

हुंडीतली खबरदारी मला फार मोलाची वाटते. रक्कम नुसती हजार लिहीत नसत, ‘निमे पाचशे, त्याचे दुप्पट’ असंही लिहीत, म्हणजे मागाहून आकडा वाढवणं अवघड. शहाजोग हुंडीचे पैसे फक्त पत असलेल्या, ओळखीच्या पेढीवाल्यालाच मिळत, त्यामुळे चोराच्या हाती लागली तरी ती वटवणं त्याला सोपं नसे. वाटेत हरवली तर ‘पैठ’, म्हणजे तिची दुसरी प्रत, लिहून मिळे आणि पैठही हरवली तर ‘परपैठ’, म्हणजे तिसरी. नोट हरवली की पैसे गेले, कारण तिच्यावर मालकाचं नाव नसतं. म्हणूनच पूर्वी टपालाने नोट पाठवताना लोक तिचे दोन तुकडे करत आणि पहिला पोचल्याचं कळलं की मग दुसरा धाडत.

सरकारी नोट १८६१ च्या कायद्याने आली. त्याआधी बँक ऑफ बंगाल, बँक ऑफ बॉम्बे अशा बँका आपापल्या नोटा काढत. सरकारी नोटाही सुरुवातीला देशभर चालत नसत. मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी नोटांची मंडळं, म्हणजे विभाग, होते आणि एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात घ्यायला कोणी कायद्याने बांधलेला नसे. पाच रुपयांची नोट १९०३ मध्ये ब्रह्मदेश वगळून सगळीकडे चालू लागली, शंभराची १९११ मध्ये. दूरच्या व्यापाराला हुंडीच लागे, त्यात नवल नाही.

घोळ होतो तो दर्शनी हुंडीमुळे. दाखवताक्षणी पैसे देणारी हुंडी, तीही आणील त्याला देय असेल, तर ती नोटेसारखीच हातोहात फिरू शकते. रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यातल्या कलम ३१ ने नेमकी हीच वाट बंद केली. धारकाला मागताक्षणी देय असलेली हुंडी कोणी काढायची नाही, असं तिथे हुंडीचं नाव घेऊनच म्हटलं आहे. ठरावीक माणसाच्या नावाची हुंडी या मनाईत येत नाही.