हूव्हरचं आवाहन आणि रेशनची कूपनं

‘महायुद्धात अमेरिकेतही रेशनिंग होतं’ असं कुणी म्हटलं, तर कोणत्या महायुद्धात, हे आधी विचारावं. पहिल्या युद्धातली काटकसर आणि दुसऱ्यातलं रेशनिंग यांची सर्रास गल्लत होते.

एप्रिल 1917 मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. ब्रिटन-फ्रान्सला गहू, मांस आणि साखर पाठवायची, तर घरचा खप कमी व्हायला हवा होता. अन्न प्रशासनाचे प्रमुख हर्बर्ट हूव्हर (पुढे राष्ट्राध्यक्ष झाले ते हेच) यांना घरोघरी रेशनकार्डं वाटायची नव्हती. त्यांनी लोकांना आवाहन केलं: सोमवारी आणि बुधवारी गहू नको, मंगळवारी मांस नको. गृहिणींनी प्रतिज्ञापत्रावर सही करायची आणि सरकारकडून आलेलं कार्ड खिडकीत लावायचं. ताटात काय वाढलंय ते बघायला सरकारी माणूस येत नव्हता, पण ज्या खिडकीत कार्ड नाही, त्या घराबद्दल गल्लीत काय बोललं जात असेल? माझ्या मते या स्वेच्छेत शेजाऱ्यांच्या धाकाचा वाटा मोठा होता. साखरेवर मात्र 1918 मध्ये दुकानदारांमार्फत मर्यादा आल्याच.

दुसऱ्या महायुद्धात सरकार नुसत्या विनंतीवर थांबलं नाही. मे 1942 मध्ये साखरेपासून खाद्यपदार्थांचं रेशनिंग सुरू झालं. तान्ह्या बाळाच्या नावानंसुद्धा कूपनांचं पुस्तक मिळे. आपल्या रेशन दुकानाची सवय असलेल्यांचा गोंधळ होतो तो इथे. या कूपनावर काहीही स्वस्त मिळत नव्हतं. कूपन म्हणजे फक्त खरेदीची परवानगी. पैसे पूर्ण मोजावे लागत. भाव आवरायला कमाल किमती ठरवल्या होत्या, पण ती वेगळी व्यवस्था.

1943 पासून पॉइंट आले आणि हिशेब चांगलाच किचकट झाला. डबाबंद फळं-भाज्यांना निळी कूपनं, मांस-लोणी-चीजला लाल. सुरुवातीला माणशी महिन्याला 48 निळे आणि 64 लाल पॉइंट मिळत. प्रत्येक वस्तूला दोन किमती, एक डॉलरमध्ये, दुसरी पॉइंटमध्ये. ज्याची टंचाई जास्त, त्याचे पॉइंट वाढायचे. शिवाय कूपनांना मुदत असे, त्यामुळे साठवून ठेवायचीही सोय नव्हती. खिसा गरम असला तरी पॉइंट संपले की हात हलवत परत. काळा बाजार होताच, तो भाग वेगळा.

पेट्रोलची गोष्ट तर भलतीच. डिसेंबर 1942 पासून देशभर त्यावर रेशन आलं. साध्या गाडीवाल्याच्या काचेवर ‘ए’ स्टिकर, आणि सुरुवातीला आठवड्याला साधारण 4 गॅलन. खरी टंचाई होती रबराची. मलाया (आज मलेशियात) आणि डच ईस्ट इंडीज (आजचा इंडोनेशिया) जपाननं घेतले आणि अमेरिकेचा नैसर्गिक रबराचा मुख्य पुरवठा तुटला. गाड्या कमी पळाल्या की टायर टिकतात, म्हणून पेट्रोल आवळलं. वेगमर्यादाही ताशी 35 मैलांवर आणली, तीही टायरसाठीच.

दोन काळ एकमेकांत मिसळण्याचं एक कारण परसबागा. दोन्ही युद्धांत लोकांना अंगणात भाजी लावायला सांगितलं गेलं, आणि दोन्ही वेळची पोस्टरं आज इंटरनेटवर शेजारी-शेजारी फिरतात. पोस्टरवर पॉइंटचा उल्लेख असेल, तर ते दुसऱ्या युद्धातलं समजावं.

युद्ध 1945 मध्ये संपलं आणि बहुतेक रेशनिंग त्याच वर्षी उठलं. साखरेचं मात्र जून 1947 पर्यंत चाललं.