हक्कांची सनद (अमेरिका)

हक्कांची सनद : अमेरिकेच्या संविधानातील पहिल्या दहा दुरुस्त्यांना मिळून पडलेले नाव. भाषण, धर्म व वृत्तपत्रे यांचे स्वातंत्र्य, बेकायदा झडती-जप्तीपासून संरक्षण, ज्यूरीपुढे खटला चालण्याचा हक्क इ. तरतुदी त्यांत आहेत. त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आल्या. मूळ संविधानात त्या नव्हत्या. मागाहून आणि बऱ्याच नाखुशीने त्या जोडल्या गेल्या.

फिलाडेल्फिया येथील संविधान परिषद १७८७ च्या मे ते सप्टेंबर महिन्यांत भरली. तिच्यात हक्कांच्या सनदेचा ठराव आला तो १२ सप्टेंबरला, समारोपाला पाच दिवस उरले असताना. व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा जॉर्ज मेसन यांनी केला होता. राज्यांचे असे जाहीरनामे हाताशी असल्याने हे काम काही तासांत उरकेल, असे त्यांनी सांगितले. पण मत देणाऱ्या दहाही राज्यांनी ठराव फेटाळला. मेसन यांनी संविधानावर सही केली नाही. घरी परतण्याची घाई हे नकाराचे एक कारण असावे, पण त्यामागे विचारही होता. संघशासनाला नेमून दिलेलेच अधिकार असतील, तर वृत्तपत्रांवर बंधने घालू नयेत हे लिहायचे कशाला, असा संविधानाचे समर्थक अलेक्झांडर हॅमिल्टन यांचा सवाल होता. शिवाय, यादी केली की यादीत नसलेला हक्क अस्तित्वातच नाही असे कोणी म्हणेल, ही भीती होती. ती निराधार नव्हती. मात्र मूळ संविधानात हेबिअस कॉर्पससारखी (बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा हक्क) काही संरक्षणे आधीच नमूद असल्याने यादीला सुरुवात झालेलीच होती आणि संविधानाच्या विरोधकांनी ही विसंगती नेमकी हेरली.

राज्यांच्या संमतीचा प्रश्न आला तेव्हा हा मुद्दा जड गेला. फेब्रुवारी १७८८ मध्ये मॅसॅचुसेट्सने १८७ विरुद्ध १६८ मतांनी संविधान स्वीकारले, पण सोबत दुरुस्त्यांच्या शिफारशी जोडल्या. व्हर्जिनिया (८९-७९) व न्यूयॉर्क (३०-२७) यांनीही तोच मार्ग धरला. नॉर्थ कॅरोलायनाने तर १७८८ मध्ये संमती रोखून धरली.

अखेर सनद आणली ती व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन यांनी. आणि तेही मुळात तिच्या बाजूचे नव्हते. बहुमताला कागदी कुंपणे अडवत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. त्यांचे मत दोन गोष्टींनी वळले. अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत टॉमस जेफरसन पॅरिसहून पत्रांतून आग्रह धरत होते; लेखी हक्कांमुळे न्यायालयांच्या हाती अंकुश येतो, हा त्यांचा मुद्दा मॅडिसन यांना पटला. दुसरे कारण निवडणुकीचे. १७८९ च्या आरंभी काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) प्रतिनिधिगृहातील जागेसाठी मॅडिसन यांच्यासमोर जेम्स मन्रो उभे होते आणि मतदारसंघातील बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथीयांना धर्मस्वातंत्र्याची लेखी हमी हवी होती. मॅडिसन यांनी शब्द दिला व १,३०८ विरुद्ध ९७२ मतांनी ते निवडून आले.

८ जून १७८९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी दुरुस्त्या मांडल्या. त्या मूळ कलमांतच जागोजागी घालाव्यात, अशी त्यांची योजना होती. मूळ मजकुराला हात न लावता त्या शेवटी जोडाव्यात, हा कनेक्टिकटचे प्रतिनिधी रॉजर शर्मन यांचा हट्ट पुढे मान्य झाला. मॅडिसन यांचा हा पराभवच सनदेच्या पथ्यावर पडला असे म्हणावे लागेल. कलमांत विखुरलेल्या तरतुदींना वेगळे नाव मिळाले असते का, याची शंकाच आहे. यादीबद्दलच्या जुन्या भीतीला नववी दुरुस्ती हे उत्तर आहे : काही हक्क नमूद केले म्हणून लोकांचे इतर हक्क नाकारता येणार नाहीत.

प्रतिनिधिगृहाने १७ दुरुस्त्या मंजूर केल्या. सिनेट या दुसऱ्या सभागृहाने काटछाट केल्यावर १२ उरल्या. सद्‌सद्विवेक, वृत्तपत्रे व ज्यूरी यांबाबत राज्यांवरही बंधन घालणारी दुरुस्ती, जी मॅडिसन यांना सर्वांत मोलाची वाटत होती, ती याच काटछाटीत गेली. राज्यांकडे गेलेल्या बारांपैकी पहिल्या दोन तेव्हा संमत झाल्या नाहीत, म्हणून तिसरीला ‘पहिली दुरुस्ती’ हा मान मिळाला. काँग्रेस सदस्यांच्या वेतनाविषयीची दुसरी थेट १९९२ मध्ये सत्ताविसावी दुरुस्ती म्हणून संविधानात आली.

गुलामांना सनदेचा काहीच उपयोग झाला नाही. ती फक्त संघशासनाला बांधते, राज्यांना नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बॅरन विरुद्ध बाल्टिमोर (१८३३) या खटल्यात ठरवले. यादवी युद्धानंतरच्या, राज्यांवर बंधने घालणाऱ्या चौदाव्या दुरुस्तीच्या (१८६८) आधाराने न्यायालयाने मुख्यतः विसाव्या शतकात एकेक हक्क राज्यांना लागू केला. अवाजवी दंडाला मनाई करणारी आठव्या दुरुस्तीतील तरतूद २०१९ मध्ये लागू झाली. दिवाणी दाव्यांतील ज्यूरीविषयीची सातवी दुरुस्ती मात्र राज्यांच्या न्यायालयांना बंधनकारक नाही.