रेवती की चित्रा? पंचांगातल्या चार अंशांच्या वादाची पार्श्वभूमी

2023 साली टिळक पंचांगाची गणेश चतुर्थी 20 ऑगस्टला झाली आणि बाकीच्या महाराष्ट्राची 19 सप्टेंबरला. गणित दोघांचंही बरोबर होतं, फक्त राशिचक्राचा आरंभबिंदू वेगळा होता.

'ग्रहलाघव' हा 1520च्या सुमाराचा करणग्रंथ, म्हणजे पंचांगाचं गणित करायचा ग्रंथ. त्यावरून मांडलेली ग्रहणं आणि ग्रह एकोणिसाव्या शतकात आकाशाशी जुळेनात. 1865 पासून इंग्रजी नॉटिकल आल्मनाकच्या (नाविकांसाठीच्या ग्रहस्थितीच्या कोष्टकांच्या) आधारे दृक्प्रत्ययी, म्हणजे आकाशात दिसतं त्याच्याशी जुळणारं पंचांग निघू लागलं. विरोध कडवा झाला. जुन्या मतानुसार साठ घटकांची तिथी फार तर पाच घटका वाढते आणि सहा घटते: 'बाणवृद्धी रसक्षय'. प्रत्यक्ष चंद्र याहून जास्त मागेपुढे होतो. मग एकादशी नि श्राद्धतिथी कोणती धरायची? तरीही ग्रंथापेक्षा आकाश प्रमाण मानण्याचा तो आग्रह योग्यच होता.

खरा गुंता अयनांशांचा, म्हणजे वसंतातला संपातबिंदू (दिवस-रात्र समान असताना सूर्य असतो ती जागा) आणि राशिचक्राचा आरंभबिंदू यांतल्या अंतराचा. संपातबिंदू वर्षाला सुमारे 50 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) मागे सरकतो. तो कुठून मोजायचा? एका पक्षाने रेवतीची योगतारा (नक्षत्राचा मुख्य तारा) आरंभबिंदू धरली; टिळक पंचांग याच पक्षाचं. पण त्यासाठी निवडलेला मीनेतला तारा इतका मंद की शहरातून दिसतही नाही, आणि प्राचीनांची योगतारा हीच का, यावरही वाद. दुसऱ्या पक्षाने ठळक चित्रा तारा आरंभबिंदूपासून 180 अंशांवर धरला. दोन्हींत सुमारे चार अंशांचा फरक, म्हणजे सूर्याची चार दिवसांची चाल.

एवढ्याने महिना कसा बदलतो? ज्या चांद्रमासात संक्रांत, म्हणजे सूर्याचा नव्या राशीत प्रवेश, नाही तो अधिक; बाकीचे निज. 16 ऑगस्ट 2023ला अमावास्या संपली आणि चित्रापक्षाची सिंहसंक्रांत 17ला झाली, म्हणून संपलेला महिना अधिक श्रावण ठरला. रेवतीपक्षाचा सूर्य चारेक दिवस आधीच सिंहेत गेला होता, त्यामुळे त्यांचा श्रावण निज, आणि पुढचा महिना थेट भाद्रपद.

1904 ते 1919 दरम्यान मुंबई, पुणे, सांगलीत परिषदा झाल्या, तरी एकमत टिकलं नाही. केंद्र सरकारच्या 1952च्या पंचांग सुधारणा समितीने धार्मिक पंचांगासाठी चित्रापक्ष उचलला आणि 21 मार्च 1956चे अयनांश 23 अंश 15 कला ठरवले. देशभर एकवाक्यता हवी होती, म्हणून निर्णय व्यवहार्य होता. रेवतीपक्ष त्याने खोटा ठरला नाही, कारण आरंभबिंदू कुठे मानायचा हे दुर्बीण सांगू शकत नाही.

राशी ताऱ्यांऐवजी थेट संपातबिंदूपासून मोजाव्यात, हे सायनवाद्यांचं म्हणणं मात्र मागेच पडलं. उत्तरायण प्रत्यक्षात 21-22 डिसेंबरलाच सुरू होतं. मकरसंक्रांत मात्र रेवतीपक्षाची 10 जानेवारीला, चित्रापक्षाची 14-15ला. सायनवाद्यांच्या वाट्याला 22 मार्च 1957 पासूनची राष्ट्रीय दिनदर्शिका आली. ती राजपत्रावर छापली जाते. सण कुणी तिच्यावरून करत नाही.