फोन टॅप होणं वेगळं, सीडीआर काढणं वेगळं

गुन्ह्याच्या बातमीत 'पोलिसांनी सीडीआर काढला' हे वाक्य हमखास असतं. सीडीआर म्हणजे 'कॉल डिटेल रेकॉर्ड', मोबाइल कंपनीकडची कॉलच्या तपशिलाची नोंद. ते वाचून अनेकांना वाटतं, पोलिसांनी फोनवरचं बोलणं ऐकलं. तसं नसतं.

बोलणं ऐकलं जातं ते टॅपिंगमध्ये. सीडीआरमध्ये एकही शब्द नसतो. कोणी कोणाला, किती वाजता, किती सेकंद फोन केला, हँडसेटची ओळख सांगणारा आयएमईआय नंबर आणि फोन कोणत्या मोबाइल टॉवरवर होता, एवढंच असतं.

एवढंच? समजा, एका बाईंचा फोन सकाळी दहा ते एक परळच्या कॅन्सर रुग्णालयाशेजारच्या टॉवरवर आहे. बाहेर पडताच बहिणीला बावीस मिनिटांचा फोन. मग विमा एजंटला चार मिनिटं. रात्री पावणेबाराला पुन्हा बहीण. नवऱ्याला दिवसभरात एकही फोन नाही. बाईंनी घरातही अजून जे सांगितलेलं नाही, ते या पाच ओळी वाचणाऱ्या परक्या माणसाला कळून चुकतं. म्हणून 'नुसता सीडीआरच तर आहे' हे मला मुळीच पटत नाही.

टॅपिंगवर निदान कागदोपत्री तरी लगाम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात तो घातला, पुढे तो नियमांत आला: साधारणपणे गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो, तो ६० दिवस चालतो आणि मुदतवाढ धरूनही १८० दिवसांपुढे जात नाही. सीडीआरला गृहसचिवांपर्यंत जावं लागत नाही. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने मोबाइल कंपनीकडे मागणी केली की तो मिळतो.

आणखी एक फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. टॅपिंग आदेशानंतर सुरू होतं, मागचं बोलणं ऐकता येत नाही. सीडीआर मात्र आधीच तयार असतो. कंपनी प्रत्येक ग्राहकाची नोंद आपोआप करत असते, आणि डिसेंबर २०२१ पासून ती किमान दोन वर्षं जपून ठेवणं परवान्यानुसार बंधनकारक आहे. संशय आज आला, तरी मागचे दिवस हाती लागतात. तुमच्यावर कधीच संशय आला नाही, तरीही तुमची नोंद तिथे असतेच.

आणि ती फुटते. २०१८ साली ठाणे पोलिसांनी बेकायदा सीडीआर मिळवून विकल्याच्या आरोपावरून खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. कोणाच्याही फोनला कान न लावता हा धंदा चालला होता.